'क्वेल' आणि 'अभिमान' : एका क्रियापदाच्या निमित्ताने

इंग्रजी भाषेत अभिमानाची क्रियापदे पुष्कळ आहेत. पण त्यांतील बहुतेकांचे तोंड स्वतःकडे वळलेले आहे. 'बोस्ट', 'ब्रॅग', 'व्हॉन्ट' ही तर उघडच आत्मस्तुतीची क्रियापदे. 'प्रीन' म्हणजे पक्ष्याने चोचीने आपली पिसे साफसूफ करणे आणि त्यावरून स्वतःवर खूश होणे. 'प्लूम' हेही पिसांवरूनच आलेले. 'क्रो' म्हणजे कोंबड्याचे आरवणे व त्यावरून विजयाची शेखी मिरवणे. 'स्ट्रट' म्हणजे छाती काढून ऐटीत चालणे. गर्वाची ही सारी शब्दसृष्टी जणू खुराड्यासमोरच्या अंगणातून उचललेली आहे. इतकेच नव्हे, तर 'प्राइड' हे नाम जेव्हा क्रियापद म्हणून वापरले जाते, तेव्हा त्याला कर्म म्हणून आत्मवाचक सर्वनामच लागते. माणूस 'प्राइड' करतो तो स्वतःलाच. मुलाला किंवा शिष्याला कर्मस्थानी ठेवून हे क्रियापद चालत नाही. दुसऱ्याविषयीचा अभिमान सांगावयाचा झाला की इंग्रजीला क्रियापद सोडून 'प्राउड' या विशेषणाकडे वळावे लागते.

या रिकाम्या जागेत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन इंग्रजीने एक उसना शब्द आणून बसवला. तो म्हणजे 'क्वेल'. कोशांतून त्याचा अर्थ आनंदाने व अभिमानाने ओसंडणे असा दिला जातो. परंतु हा अभिमान कोणाचा, हे पाहिल्याशिवाय शब्द कळत नाही. तेरा वर्षांचा नातू सिनेगॉगमध्ये प्रथमच तोरा या धर्मग्रंथाचा पाठ बिनचूक म्हणतो आणि पहिल्या रांगेत बसलेली आजी 'क्वेल' करते. मुलगी डॉक्टर होते. बाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतो, तेव्हा तोही 'क्वेल' करतो. पाठ म्हणणारा नातू मात्र 'क्वेल' करीत नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगीही नाही. ज्याने यश मिळवले त्याचे हे क्रियापद नव्हे. ज्याने ते पाहिले त्याचे आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत एका इंग्रजी क्रियापदाची इतकी उठाठेव कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन. एक म्हणजे तौलनिक साहित्याभ्यास आणि भाषांतरविद्या हे विषय आता आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत रुळले आहेत, आणि त्यांच्या वाटेने अमेरिकन ज्यू कथात्म साहित्य मराठी विद्यार्थ्यांच्या हाती येत आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. या एका शब्दाचे मराठीकरण करताना आपण 'अभिमान' या आपल्याच शब्दाकडे किती गाफीलपणे पाहतो, हे उघडे पडते. माझ्या मते 'क्वेल'ला 'अभिमान वाटणे' हा प्रतिशब्द अपुरा आहे आणि 'अभिमानाने फुगणे' हा सरळसरळ चुकीचा आहे. ही केवळ शब्दनिवडीची बाब नसून तीमुळे पात्राचे शील बदलते.

प्रथम शब्दाच्या कुळाकडे वळू. 'क्वेल' इंग्रजीत आला तो यिडिश भाषेतील 'क्वेलन' या क्रियापदावरून. यिडिश ही मध्य व पूर्व युरोपातील, म्हणजे अश्केनाझी, ज्यूंची भाषा. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीच्या परिसरात ती आकाराला आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिची बैठक जर्मन आहे. धर्म, विद्या व कुटुंबजीवनाशी निगडित असे बरेच शब्द हिब्रू-अरामाईकमधून आले आहेत. ज्यू समाज पूर्वेकडे पोलंड-रशियाच्या प्रदेशात सरकला तसतसे स्लाव्ह भाषांचेही थर तिच्यावर चढत गेले. लिपी मात्र हिब्रू. या भाषेला तिचे भाषक 'मामे-लोशन' म्हणतात. 'मामे' म्हणजे आई आणि 'लोशन' म्हणजे हिब्रूतील जीभ, भाषा. 'मायबोली' हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना यावर भाष्याची गरज नाही. धर्मग्रंथांची, पुरुषांच्या अध्ययनाची भाषा हिब्रू. स्वयंपाकघराची, बाजाराची, अंगाईची भाषा यिडिश, अशी ही वाटणी संस्कृत-प्राकृताच्या आपल्या इतिहासाशी फार दूरची नाही.

'क्वेलन'चे मूळ मध्ययुगीन जर्मनमधील 'क्वेलन' याच रूपात सापडते आणि तिथे त्याचा अर्थ अभिमानाशी काहीही संबंध नसलेला, पाणी उसळून वर येणे, उमाळा फुटणे असा आहे. आजच्या जर्मनमध्येही 'क्वेले' म्हणजे झरा, उगम. बायबलच्या अभ्यासकांना हा शब्द दुसऱ्या एका संदर्भात परिचित असेल. मॅथ्यू व ल्यूक यांच्या शुभवर्तमानांमागे एक लुप्त समान आधारग्रंथ असावा, असे जर्मन पंडितांनी मांडले आणि त्या कल्पित ग्रंथाला 'क्यू' हे अक्षर दिले, ते 'क्वेले' याच शब्दाचे आद्याक्षर. यिडिशमध्येही 'क्वाल' म्हणजे झरा. म्हणजे जमिनीतून पाणी वर येते त्या क्रियेचे क्रियापद माणसाच्या अंतःकरणाला लावले गेले, आणि यिडिशमध्ये त्याचा अर्थ आनंदाने भरून येणे, हर्षाने उजळणे असा स्थिरावला.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावयास हवी. यिडिश 'क्वेलन'चा गाभा आनंद हा आहे. अभिमान त्यात येतो तो आनंदाच्या सोबतीने. इंग्रजीत येताना या अर्थाचा संकोच झाला. 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून 20 लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. 1924 च्या स्थलांतरविषयक कायद्याने हा ओघ जवळजवळ थांबला. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडसारख्या वस्त्यांमधून यिडिश नाटके, यिडिश पुस्तके आणि 1897 मध्ये सुरू झालेल्या 'फॉरव्हर्ट्स'सारखी यिडिश वृत्तपत्रे उभी राहिली. परंतु पुढची पिढी इंग्रजी शाळेत गेली. आईबाप यिडिशमध्ये बोलत, मुले इंग्रजीत उत्तरे देत. अशा घरांत जे शब्द इंग्रजीत तगून राहिले ते प्रायः भावनेचे, शिव्यांचे, खाद्यपदार्थांचे आणि नातेसंबंधांचे. शिंप्याच्या, फेरीवाल्याच्या मुलाने वकील व्हावे, डॉक्टर व्हावे, हे त्या पिढीचे स्वप्न होते. आणि ते पुरे होताना पाहणाऱ्या आईबापांच्या चेहऱ्यावर जे दिसे, त्याला इंग्रजीत शब्द नव्हता. 'क्वेल'चा अर्थ अपत्याच्या यशाभोवती आकसला तो या परिस्थितीमुळे, असे माझे अनुमान आहे. 1968 मध्ये लिओ रोस्टन यांचे 'द जॉइज ऑफ यिडिश' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अशा शेकडो शब्दांची ज्यूंपलीकडच्या इंग्रजी वाचकाला ओळख झाली. रोस्टन यांनीही 'क्वेल'चे स्पष्टीकरण मुले-नातवंडे यांच्या कर्तबगारीशीच जोडले आहे.

याच काळात मूळ भाषेचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक होती. नाझी संहारात मारल्या गेलेल्या 60 लाख ज्यूंपैकी बहुसंख्यांची भाषा यिडिश होती. 1978 मध्ये आयझॅक बॅशेव्हिस सिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते अशा एका भाषेतील लेखनासाठी की जिचा वाचकवर्ग जाळला गेला होता. आज हसिदी समाजांत यिडिश घरोघरी बोलली जाते; पण इंग्रजीत विनोदाने, लाडाने वापरले जाणारे हे चार-दोन शब्द ज्या जगातून आले ते जग उरलेले नाही. मुलांच्या यशाने भरून येणाऱ्या आईबापांसाठी शब्द उरावा आणि ती वस्ती, ती गल्ली उरू नये, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'क्वेल' हा केवळ गमतीदार शब्द राहत नाही.

व्युत्पत्तीच्या मोहात पडणाऱ्यांसाठी येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आपल्याकडे राजवाड्यांच्या काळापासून व्युत्पत्तीचा शौक मोठा आहे आणि त्यातून ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवण्याची खोडही लागलेली आहे. 'क्वेल' हा शब्द देवनागरीत लिहिला की इंग्रजीतील तीन वेगळे शब्द एका रूपात येतात. एक आपला, दुसरा, दडपून टाकणे, बंड मोडून काढणे या अर्थाचा, तिसरा, लावा पक्ष्याचे नाव. रोमन लिपीत ते वेगळे दिसतात. आपल्या 'व'ने त्यांतील दन्तोष्ठ्य व ओष्ठ्य उच्चारांचा भेद पुसून टाकला. यांपैकी दडपण्याच्या अर्थाचे क्रियापद जुन्या इंग्रजीतील ठार मारणे या अर्थाच्या धातूवरून आले आहे; झऱ्याशी त्याचे नाते नाही. उलट विहिरीला आणि पाणी उसळण्याला इंग्रजीत 'वेल' म्हणतात, अर्थही तोच, ध्वनीही जवळचा. पण तोही वेगळ्या कुळातला, वळणे-गडबडणे या अर्थाच्या धातूपासून निघालेला. अर्थ जुळला, ध्वनी जुळला, तरी कूळ जुळत नाही, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात द्यायला मिळणे कठीण.

आणि जिथे कूळ जुळते असे म्हणतात तिथे अर्थ जुळत नाही. युलियस पोकोर्नी यांनी 1959 च्या आपल्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात जर्मन 'क्वेलन'च्या मूळ धातूखालीच संस्कृत 'गल्' या धातूची नोंद केली आहे. 'गल्'वरून मराठीत 'गळणे' आले. म्हणजे पोकोर्नी यांची मांडणी स्वीकारली तर न्यू यॉर्कमधील आजीचे 'क्वेल' आणि आपले 'गळणे' ही दूरची भावंडे ठरतात. पण मराठीत माणूस 'गळून जातो' तो हताश झाल्यावर. त्याच धातूच्या दुसऱ्या टोकाला माणूस भरून वर येतो. एकच पाणी एका भाषेत वर उसळले, दुसरीत खाली ठिबकले. शब्दाचा अर्थ त्याच्या मूळ धातूने ठरत नाही, तो वापरणाऱ्या समाजाने ठरतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला शिकवतो आणि व्युत्पत्ती सांगताना विसरतो.

असे असूनही मूळ प्रतिमा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. झऱ्याच्या प्रतिमेतून दोन गोष्टी हाती लागतात. झरा आपल्या इच्छेने फुटत नाही. 'क्वेल' करणाराही ठरवून करीत नाही. आणि झऱ्याचे पाणी साठवण्यासाठी नसते, ते बाहेर येते. 'क्वेल' करणाऱ्यालाही ते मनात ठेवता येत नाही, शेजारणीला सांगावेच लागते. यिडिशमध्ये याच्या जोडीला 'नाखेस' हा शब्द आहे. हिब्रूतील स्वस्थता, समाधान या अर्थाच्या शब्दावरून तो आला असून मुलाबाळांकडून लाभणारे सुख असा त्याचा रूढ अर्थ आहे. हे सुख घेणे याला यिडिशमध्ये 'नाखेस शेपन' म्हणतात. 'शेपन' म्हणजे पाणी उपसणे, शेंदणे. एक शब्द झऱ्याचा, दुसरा पोहऱ्याचा. अभिमान या भावनेची याहून जिवंत शब्दयोजना मला ठाऊक नाही. गमतीची बाब अशी की, इंग्रजीने यिडिशकडून घेतलेले, 'क्वेल'इतकेच लोकप्रिय दुसरे क्रियापद 'क्वेच' हे आहे, म्हणजे सतत कुरकुर करणे. आणि त्याचे मूळ पिळणे, दाबणे या अर्थाच्या धातूत आहे. आपोआप उसळते ते कौतुक, पिळून काढावी लागते ती तक्रार!

अभिमान दुसऱ्याचा असला की त्याबरोबर भयही येते. यिडिश बोलणारी आजी नातवाची स्तुती करताना 'केनेहोरे' असे पुटपुटते. तिथले 'केन' हे जर्मन निषेधवाचक आणि पुढचा भाग म्हणजे हिब्रूतील 'वाईट डोळा'. वाईट नजर न लागो, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ तीनदा थुंकल्यासारखे करण्याची रीतही आहे. आपली आजी काय करते? नातवाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे कडाकडा मोडते, संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. स्वतःच्या पराक्रमाची शेखी मिरवणारा स्वतःची दृष्ट काढीत नाही. दृष्ट काढावीशी वाटणे ही या प्रकारच्या अभिमानाची खरी खूण आहे, आणि तीवरून मराठी संस्कृतीत ही भावना नाही म्हणून शब्द नाही, हा युक्तिवाद बाद होतो.

जाता जाता एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यू आणि मराठी यांचा दुवा म्हटला की आपल्याला कोकणातले बेने इस्रायली आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची मातृभाषा मराठी. यिडिशशी त्यांचा वंशपरंपरेचा संबंध नाही. कवी निसिम इझिकेल हे बेने इस्रायली कुटुंबातले आणि लेखन इंग्रजीत करणारे. म्हणून त्यांच्या इंग्रजीत यिडिश छटा शोधू पाहणे म्हणजे सारे ज्यू एकाच साच्यातले मानणे होय.

आता भाषांतराकडे येऊ. मोल्सवर्थ-कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीचा नी. बा. रानडे यांचा कोश यांत 'क्वेल' असणे शक्य नव्हते. तेव्हा तो शब्द इंग्रजीतच नव्हता. परिणामी भाषांतरकार इंग्रजी-इंग्रजी कोश उघडतो. तिथे अर्थ देताना 'अभिमानाने फुटणे', 'अभिमानाने फुगणे' अशा इंग्रजी वाक्प्रचारांचा आधार घेतलेला असतो, आणि भाषांतरकार शब्दाचे भाषांतर न करता त्या स्पष्टीकरणाचे भाषांतर करून मोकळा होतो. इंग्रजीत अभिमानाने 'स्वेल' होणे प्रसंगी चांगल्या अर्थी चालते. मराठीत माणूस फुगला की त्याला टाचणी लावावीशी वाटते. 'फुगणे'ला आपल्याकडे रुसण्याचा आणि गर्वाचा असे दोनच वास आहेत.

माझ्याकडे तपासण्यासाठी आलेल्या एका लघुप्रबंधात न्यू यॉर्कमधील ज्यू कुटुंबावरच्या एका कथेचे भाषांतर होते. त्यात नातवाचे यश ऐकून आजी 'गर्वाने फुगली' असे वाक्य होते. चूक एवढ्यावर थांबली असती तर ती तांबड्या शाईने दुरुस्त करता आली असती. परंतु विवेचनाच्या प्रकरणात संशोधकाने आपल्याच भाषांतराचा आधार घेऊन ती आजी अहंकारी, कुटुंबावर सत्ता गाजवणारी व्यक्तिरेखा असल्याचा निष्कर्ष काढला होता, आणि त्यावर स्त्रीवादी दृष्टीने तीन पृष्ठे लिहिली होती. मूळ कथेत ती म्हातारी कोपऱ्यात बसून डोळे पुसते आहे. एका क्रियापदाने तिला खलनायिका केले. आपल्या विद्यापीठांतून अनुवादित संहितेवर आधारलेली समीक्षा ज्या प्रमाणात लिहिली जाते आहे, ते पाहता हा धोका किरकोळ नव्हे.

मग 'अभिमान' तरी चालावा का? या शब्दाचा मराठीतला प्रवास पाहण्यासारखा आहे. सांख्यांच्या परिभाषेत अहंकाराचे लक्षणच अभिमान हे आहे, म्हणजे 'मी' आणि 'माझे' असे मानणे. संतवाङ्मयात साधकाने टाकून द्यावयाच्या गोष्टींत अभिमानाचे नाव हटकून असते. परंतु त्याच वाङ्मयात अभिमानाचा दुसराही एक प्रवाह आहे, ज्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. मनाच्या श्लोकांत रामदासांनी देवाला 'भक्ताभिमानी' म्हटले आहे. देवाला भक्ताचा गर्व आहे असा त्याचा अर्थ नव्हे. भक्ताला त्याने आपला मानले आहे, त्याची उपेक्षा तो करणार नाही, असा आहे. एखाद्याचा अभिमान धरणे म्हणजे त्याचा कैवार घेणे, हा अर्थ जुन्या मराठीत जिवंत होता. येथे अभिमानाचा विषय दुसरा आहे, आणि तो अभिमान जबाबदारी घेणारा आहे. 'क्वेल'मधल्या आजीच्या भावनेला याहून जवळचा अर्थ आपल्या भाषेत दुसरा नसेल.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः 1874 मध्ये निबंधमाला सुरू झाल्यानंतरच्या काळात, 'देशाभिमान', 'भाषाभिमान', 'स्वधर्माभिमान' असे समास रूढ झाले आणि अभिमान हा सद्गुण ठरला. वासाहतिक राजवटीत त्याची गरज होती, यात शंका नाही. पण त्यामुळे अभिमानाचा विषय व्यक्तीकडून समूहाकडे गेला, आणि शब्द व्यासपीठावर चढला तो अद्याप खाली उतरलेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला, त्यानंतरच्या भाषणांत आणि अग्रलेखांत हा शब्द किती वेळा आला ते आठवून पाहावे. त्या अभिमानाच्या गदारोळात एखाद्या नव्या कवीचा पहिला संग्रह वाचून कोणी भरून पावले, असे वाचल्याचे मला स्मरत नाही. आज 'आजीला नातवाचा अभिमान वाटला' असे लिहिले की ते वाक्य गैर ठरत नाही, पण आजी खुर्चीवरून उठून हार घालायला निघाल्यासारखी वाटते.

यासाठी घरातल्या शब्दांकडे जावे लागते. पहिला शब्द अर्थातच 'कौतुक'. संस्कृतात कुतूहल, उत्सव, विवाहसूत्र असे अर्थ असलेला हा शब्द ज्ञानेश्वरीत नवल, लीला अशा छटा घेऊन येतो, आणि आजच्या मराठीत आपल्या माणसाविषयीच्या प्रेमळ प्रशंसेचा अर्थ देतो. कौतुक नेहमी दुसऱ्याचे. 'स्वतःचे कौतुक' म्हणताच त्याला टोमण्याचा वास येतो. शिवाय ते बहुधा मोठ्याने लहानाचे करावयाचे असते. या दोन्ही बाबतींत ते 'क्वेल'शी जुळते. अडचण एवढीच की 'कौतुक करणे' ही बाहेरची कृती आहे, तोंडदेखलीही करता येते. आणि 'कौतुक वाटणे' मध्ये आनंदाचे भरते येत नाही.

भरत्यासाठी मराठीकडे शब्दांची ददात नाही. 'उमाळा' हा तर हुबेहूब झऱ्याचा शब्द. जमिनीतून पाण्याचा उमाळा येतो तसा मायेचाही येतो. 'उचंबळणे' समुद्राचेही असते आणि मनाचेही. 'पान्हावणे' गाईचे असते आणि आईचेही. 'ओथंबणे' ढगाचे आणि डोळ्यांचे. परंतु उमाळा मायेचा किंवा दुःखाचा, पान्हा वात्सल्याचा. यश पाहून झालेल्या आनंदाची खूण त्यांच्यात नाही. 'अंगावर मूठभर मांस चढणे' मध्ये ती खूण आहे, सुखदही आहे, पण तो वाक्प्रचार स्वतःच्या स्तुतीलाही तितकाच लागू पडतो.

माझा कौल 'भरून पावणे' आणि 'भरून येणे' यांच्या बाजूने आहे, आणि तो व्याकरणावर आधारलेला आहे. 'मला अभिमान वाटतो' या वाक्यात अभिमान कर्ता आहे आणि 'मला' अनुभव घेणारा. रचना निर्दोष, पण 'वाटणे' या क्रियापदाने भावनेला मताची पातळी येते. 'मला भरून आले' या वाक्यात कर्ताच नाही. काय भरून आले, ते सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नाही. मो. के. दामले यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्यांची चिकित्सा केली त्या भावकर्तृक रचनांच्या, म्हणजे 'उजाडले', 'सांजावले', 'मळमळते' यांच्या, पंक्तीला हे वाक्य जाऊन बसते. इच्छेवाचून आतून होणारी क्रिया सांगण्याची ही सोय मराठीने स्वतः घडवली आहे. इंग्रजीला त्यासाठी झऱ्याचे क्रियापद बाहेरून आणावे लागले. 'भरून येणे' दुःखाचेही असते, हा आक्षेप खरा आहे. तिथे 'कौतुकाने' हे एक पद जोडावे. आणि पात्र स्वतःच्या तोंडाने बोलत असेल, तर 'मी भरून पावले ग' या चार शब्दांपुढे कोणताही कोश हात टेकील.

एक प्रसंग मात्र असा आहे की जिथे हे प्रतिशब्द पुरे पडणार नाहीत. अमेरिकन ज्यू विनोदात 'क्वेल' हे क्रियापद पुष्कळदा थट्टेने येते. मुलाचे कौतुक सांगून सांगून पाहुण्यांना जेरीस आणणारी आई हे त्या विनोदाचे ठरलेले पात्र. तिथे 'भरून पावणे' लिहिले तर थट्टा हरवते आणि प्रसंग उगाच सोज्वळ होतो. अशा ठिकाणी मी 'कौतुक सांगून थकत नव्हती' असे मोकळे भाषांतर पसंत करीन. किंवा 'लेकाच्या कौतुकाचं तिला अजीर्ण होत नव्हतं, ऐकणाऱ्यांना होत होतं' इतके स्वातंत्र्य घेईन. अलीकडे अमेरिकन इंग्रजीत नव्या उपाहारगृहावर, आवडत्या चित्रपटावर, एखाद्या वस्त्रावरही लोक 'क्वेल' करू लागले आहेत. त्या वापराला 'वाखाणणे' पुरे आहे. त्यात ना आजी उरली ना नातू. मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवून तळटीप देण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. सिंगर यांच्या कथांमध्ये 'नाखेस' तसाच ठेवणे मी समजू शकतो, कारण तिथे पात्रे यिडिशमध्येच बोलत आहेत. 'क्वेल' मात्र देवनागरीत तसाच ठेवला, तर वाचकाला आधी लावा पक्षी दिसेल.